नाक नवं आलं, पण फोन कोण उचलतंय?

परवा चार्जरला माझी इलेक्ट्रिक गाडी लावून उभी होते. शेजारी माझ्याच मॉडेलची नवी, फेसलिफ्टवाली, म्हणजे तोंड बदललेली गाडी येऊन लागली. मालक उतरले, माझ्या गाडीच्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतःच्या गाडीच्या, आणि म्हणाले, "तुमचं जुनं तोंडच बरं होतं हो." मी म्हटलं, "मला तुमचं आवडलंय." पुढची पस्तीस मिनिटं आम्ही दोघं दोन बॉनेटांच्या मधे उभं राहून नव्या तोंडावरच्या दिव्याच्या आडव्या पट्टीवरून वाद घातला. पेट्रोल पाच मिनिटांत भरून व्हायचं तेव्हा एवढ्या ओळखी होत नव्हत्या.

मी निघताना सहज विचारलं, "आणि सर्व्हिसचा काय अनुभव?" त्यांनी कपाळाला हात लावला. "ते ऐकायचं असेल तर गाडी परत चार्जिंगला लावा."

ही पोस्ट त्या वाक्यावरून.

आधी दिसण्याचं. गाडीच्या चेहऱ्यावरून भांडणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. रोज सकाळी डोळ्यांसमोर येणारी वस्तू आहे, आणि आपण सगळ्यांनी ती थोडीफार डोळ्यांनीच विकत घेतलेली आहे. रेंजचे, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याचे आकडे आपण नंतर पाठ केले.

इंजिनवाल्या गाडीला नाक कामाचं होतं. मागे रेडिएटर, त्याला वारा हवा, म्हणून जाळी. इलेक्ट्रिकमध्येही बॅटरी आणि मोटर थंड ठेवावी लागते, पण त्याला एवढं मोठं भोक लागत नाही. मग डिझायनरपुढे कोरा चेहरा उरतो, आणि त्याचं करायचं काय यावर अजून कुणाचंच एकमत नाही. टेस्लाची मॉडेल एस २०१२ साली आली तेव्हा तिच्या तोंडावर जाळीचा आभास देणारा चकचकीत काळा तुकडा होता. लोकांना सवयीचं नाक दिसावं, एवढंच त्याचं काम. २०१६ मध्ये तो काढून टाकला. बीएमडब्ल्यू आयएक्सने उलटी वाट धरली. नाकपुड्या अशा वाढवल्या की लांबूनही चुकणार नाहीत, आणि त्यामागे कॅमेरे, रडार बसवले. त्या जाळीवरचं कोटिंग बारीक ओरखडे आपोआप भरून काढतं. (जाळी स्वतःची दुरुस्ती स्वतः करते, सर्व्हिस सेंटरवर तिचाही भरवसा नसावा.)

सगळ्यात मजेशीर गोष्ट मर्सिडीज ईक्यूएसची. २०२१ ला आली तेव्हा तिचा ड्रॅग कोएफिशंट ०.२०, म्हणजे वाऱ्याला जवळजवळ पत्ताच लागू न देणारी गाडी. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे हायवेवर हा आकडा थेट रेंजमध्ये दिसतो. बॉनेट मालकाला उघडायचं नाहीच, काच धुवायचं पाणी बाजूच्या झाकणातून भरायचं. पण दिसायला? मला तर ती वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी वाटायची. २०२४ मध्ये कंपनीने तिच्या तोंडावर क्रोमच्या पट्ट्या आणल्या आणि बॉनेटवर मर्सिडीजच्या चिन्हाचा जुना उभा तारा परत बसवला. वाऱ्याला तारा नको होता, गिऱ्हाइकाला हवा होता.

उलटही होतं. पहिल्या निसान लीफच्या त्या वर आलेल्या दिव्यांना मी कित्येक वर्षं बेडकाचे डोळे म्हणत होते. नंतर कळलं की ते दिवे समोरून येणारा वारा फोडून आरशांपासून दूर वळवतात, कारण इंजिनचा आवाज गेल्यावर आरशांवरची वाऱ्याची शीळ कानात टोचायला लागते. तेव्हापासून बेडूक म्हणणं बंद केलंय. दिसतात अजूनही तसेच.

आणि ह्युंदाई आयोनिक ५. मागच्या काचेला वायपरच नव्हता. चालत्या गाडीवरून वाहणारा वारा काच स्वच्छ ठेवेल, अशी कल्पना. ओल्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या माणसाला त्या वाऱ्याचा काय उपयोग? मालकांनी विषय सोडला नाही आणि २०२४ च्या फेसलिफ्टमध्ये वायपर आला. टेस्लानेही २०२३ च्या मॉडेल ३ मधून इंडिकेटरची दांडी काढून स्टिअरिंगवर बटणं दिली. इतकी ओरड झाली की २०२५ मध्ये काही बाजारांत दांडी परत आली. म्हणजे आपण बोललो की ऐकलं जातं, निदान बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींचं तरी.

आता माझी हकीकत. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

माझी गाडी अडीच वर्षांची. एका रात्री पार्किंगमधल्या खांबाला तिचं डावं नाक टेकलं. टेकलं म्हणजे खरंच टेकलं, आवाजसुद्धा आला नाही. चूक शंभर टक्के माझी. दिव्याच्या काचेला नखाएवढी चीर गेली. दोन दिवसांनी आत वाफ धरली आणि थेंब दिसायला लागले. सर्व्हिस सेंटरला गेले. अ‍ॅडव्हायझरने मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. "मॅडम, काच वेगळी मिळत नाही. अख्खा दिवा येतो. शिवाय बंपर उतरवावा लागेल, मागे रडार आहे, ते परत सेट करावं लागेल." ठीक आहे, करा. जॉब कार्ड झालं, आठवडा सांगितला.

आठवडा गेला. अ‍ॅपवर तिकीट होतं, त्यात "आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे" असा मेसेज दर दोन दिवसांनी. टोल फ्रीवर फोन केला की आधी संगीत, मग कुणीतरी "सर्व्हिस सेंटरला विचारा", सर्व्हिस सेंटरचं म्हणणं "कस्टमर केअरला विचारा". नवव्या दिवशी तिकीट आपोआप बंद झालं. बंद करून वर मला तारे द्यायला सांगितलं. मी एक तारा दिला, आणि काय सांगू, दहा मिनिटांत जिवंत माणसाचा फोन! नऊ दिवसांतला पहिला. मी उत्साहाने दिव्याचं सांगायला लागले तर म्हणाला, "मॅडम, ते मला दिसत नाही. रेटिंग तेवढं पाच करता येईल का?"

शेवटी त्याच अ‍ॅडव्हायझरने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "फेसलिफ्ट आलंय ना. जुना दिवा आता मागवायला वेळ लागतो." अडीच वर्षांची गाडी, हप्ते अजून चालू, आणि तिचा दिवा जुना!

माझा मुद्दा इथे आहे. नवं तोंड आलं की आपण ते सुंदर की भयंकर यावर भांडतो, आणि सर्व्हिसचं रडगाणं वेगळ्या दिवशी गातो. मला ही दोन भांडणं वेगळी वाटत नाहीत. प्रत्येक नव्या तोंडाबरोबर दिवा, बंपर, ब्रॅकेट, क्लिपा सगळं नवं येतं, आणि तेवढंच जुनं गोदामात मागच्या फळीवर जातं. ज्या लांब दिव्याच्या पट्टीवर मी भाळले, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. एका कोपऱ्यात चीर गेली तर बदलणार किती? मी त्या पस्तीस मिनिटांत हा प्रश्न विचारला नव्हता, आणि माझ्या घरी तोवर दिव्याचं प्रकरण घडून गेलेलं होतं.

"इलेक्ट्रिकला सर्व्हिस लागतेच कुठे?" असं सांगणारे आहेत. अर्धं बरोबर आहे. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडी आवरून बॅटरीत वीज परत भरते त्यामुळे, ब्रेक पॅडही पुष्कळ टिकतात. पण म्हणूनच आपण सर्व्हिस सेंटरला जातो तेव्हा साधं काम घेऊन जात नाही. जे कोपऱ्यावरच्या गॅरेजला जमणार नाही असंच काहीतरी झालेलं असतं, आणि दुसरा दरवाजा नसतो.

हे लिहिताना त्याच कंपनीच्या एका मेकॅनिकवर अन्याय नको. गेल्या वर्षी एका सकाळी गाडी उघडेचना. मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली, आणि गाडी ठार. दोन तासांत एक मुलगा बॅग घेऊन आला. त्याने "तुम्ही काय केलंत" असं विचारलं नाही. मल्टिमीटर लावून आकडा मला दाखवला, नऊ पॉइंट काहीतरी. बारा व्होल्टची छोटी बॅटरी गेली होती. कुलपं, स्क्रीन, मोठी बॅटरी जोडणारे काँटॅक्टर, सगळे तिच्या जिवावर. ती झोपली की मोठीचा उपयोग शून्य. नवी बसवली आणि जाताना म्हणाला, "गाडी खूप दिवस उभी असेल तर अ‍ॅप सारखं उघडून बघू नका. दर वेळी ती जागी होते." मला अ‍ॅप उघडून चार्ज किती आहे ते बघायची खोड आहे हे त्याला कसं कळलं, देव जाणे. दिव्याची ऑर्डर त्या मुलाच्या हातात असती तर आठवड्यात आला असता, असं मला उगाच वाटतं.

आणि कंपनीच उरली नाही तर? फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची अमेरिकन कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची ओशन दिसायला देखणी गाडी होती, अजूनही आहे. ती गाडी घेतलेल्या लोकांना स्वतःची संघटना काढून पार्ट आणि सॉफ्टवेअरसाठी धडपडावं लागलं. तिथे ग्रिल कसं आहे यावर कुणी भांडत नसेल.

माझा दिवा एकेचाळिसाव्या दिवशी आला. बसला, रडार सेट झालं, गाडी धुऊन मिळाली. आता रात्री भिंतीसमोर लावली की डावा दिवा उजव्यापेक्षा किंचित पांढरा दिसतो. दुसऱ्या कुणाला दिसत नाही, मला दिसतो. नवीन तिकीट टाकलंय.

कमेंटमध्ये नवं तोंड आवडलं की नाही ते सांगू नका, ते मी चार्जरवर ऐकतेच. तुम्ही पार्टसाठी किती दिवस थांबलात, तेवढा आकडा लिहा.