टूर्नूहून क्लुनीकडे चाला, उलटं नको

फ्रान्समधले किल्ले बघायला गेलेला आपला माणूस बहुधा ल्वार नदीच्या खोऱ्यात जातो. दोन दिवसांत बसने चार शातो, प्रत्येक ठिकाणी दीड तास, शेवटी दुकान. तिसऱ्या शातोपासून कुठली धुराडी कुठल्या वाड्याची हे फोटो बघूनही सांगता येत नाही. ते वाडे सुंदर आहेत, वाद नाही. पण वाडा, त्याच्या बाजूचं चर्च आणि या दोघांना पोसणारी शेती ही एकाच गाड्याची चाकं होती, हे बसच्या खिडकीतून कळत नाही. ते कळायला त्यांच्यामधलं अंतर पायाखाली यावं लागतं.

त्यासाठी आमचं मत दक्षिण बर्गंडीला. टूर्नू ते क्लुनी, चाळीस-बेचाळीस किलोमीटर, तीन दिवस. चढ सह्याद्रीवाल्यांना हसू येईल इतकाच: टूर्नू दोनशे मीटरच्या आसपास आणि वाटेतला ब्रांसियोंचा किल्ला चारशेच्या आत. कस लागतो तो वेळापत्रक सांभाळताना, आणि तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

आधी दिशेचं बघू. पुष्कळ जण क्लुनीपासून सुरुवात करतात, कारण पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने माकों-लोशे स्टेशन दीड तासाच्या थोडं पुढे, तिथून क्लुनी जवळ. सोयीचं आहे, पण फसगत होते. क्लुनीत बघायचं आहे ते मुख्यतः मठाचं पाडलेलं, आता न उरलेलं चर्च. अख्खी चर्च आधी डोळ्यांत बसलेली नसतील, तर तिथे गेल्यावर ‘एवढंच?’ असं वाटून माणूस कॉफी प्यायला वळतो. टूर्नूहून निघालात तर तिसऱ्या दिवशी त्याच जागी पाय आपोआप थांबतात. शिवाय टूर्नू दिजों-लियों रेल्वेमार्गावरच आहे. दोन्हीकडून टीईआर या साध्या प्रादेशिक गाडीने साधारण तासाभरात पोचता येतं, आणि गाव स्टेशनला लागूनच.

टूर्नूत सकाळचा दीड तास सें-फिलिबेरच्या मठ-चर्चला द्या. व्हायकिंगांच्या धाडींना कंटाळून अटलांटिकमधल्या न्वारमूतिए बेटावरचे साधू आपल्या संताच्या अस्थी घेऊन निघाले, ते फिरत फिरत ८७५ मध्ये इथे टेकले. आजची इमारत मुख्यतः अकराव्या शतकातली. आत शिरलात की नजर खांबांवरून सरळ छताकडे न्या. दगडी छत बहुतेक ठिकाणी लांब बोगद्यासारखं असतं आणि ते दोन्ही बाजूंच्या भिंतींना सतत बाहेर ढकलत असतं. म्हणून भिंत जाड ठेवायची, खिडक्या लहान ठेवायच्या आणि आत अंधार. टूर्नूच्या गवंड्यांनी एका लांब बोगद्याऐवजी छोटे छोटे बोगदे आडवे टाकले, एकाला एक खेटून. प्रत्येक बोगदा शेजारच्याला टेकू देतो, त्यामुळे बाजूच्या भिंतींवर रेटा येत नाही आणि वर मोठ्या खिडक्या पाडता येतात. म्हणूनच हे दालन एवढं उजळ आहे. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढचे तीन दिवस याच रेट्याची गोष्ट चालू राहते.

मग ब्रांसियोंची वाट, पंधराएक किलोमीटर. मोटाररस्ता धरू नका. आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० चा नकाशा घ्या (एक सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर), किंवा त्यांचंच मोफत अॅप घेऊन तेवढा भाग आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण दरीत रेंज जाते. खुणांची भाषा सोपी आहे. पांढरा-लाल पट्टा म्हणजे जीआर, लांब पल्ल्याची वाट. पिवळा-लाल म्हणजे परगण्याचा फेरा. नुसता पिवळा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी. पट्टा वाकलेला असला की वळण, फुली असली की ‘इकडे नको’. चुका होतात त्या फुलीपाशी. गप्पांच्या नादात माणूस रंग बघतो, आकार बघत नाही, आणि दुसऱ्याच गावात उतरतो.

या टापूत उतारांवर द्राक्षमळे, खाली कुरणं. शार्दोने हे नाव बाटलीवर वाचलं असेल, त्या नावाचं गाव टूर्नूच्या नैर्ऋत्येला जवळच आहे. घरंही बघण्यासारखी: तळाला दारूचं तळघर, बाहेरून दगडी जिना, आणि वर लाकडी खांबांवर तोललेली लांब ओसरी. आपल्याकडची पडवी उचलून पहिल्या मजल्यावर ठेवावी तशी. कुरणातली पांढरीशुभ्र गुरं शारोलेज जातीची. वाट कुरणातून जात असेल तर विजेच्या तारेला पिवळी किंवा काळी मूठ असते. मूठ धरून आकडा काढा, पलीकडे जा, आकडा परत अडकवा. गटातल्या शेवटच्याने तो अडकवला की नाही हे दरवेळी विचारा. तार उघडी राहिली तर दिवसभर गुरं शोधत फिरायचं काम शेतकऱ्याच्या नशिबी येतं. वासरू जवळ असलेल्या गाईच्या मधून कधीच जाऊ नका, लांबचा वळसा घ्या.

ब्रांसियों म्हणजे एका सोंडेवर किल्ला, चर्च, लाकडी खांबांचा जुना बाजारमांडव आणि मूठभर घरं. गाड्या बाहेरच ठेवाव्या लागतात. इथल्या सरदारांचे क्लुनीच्या मठाशी कायम खटके उडायचे. त्यांच्यातला जोसरां हा फ्रान्सचा राजा लुई नवव्याबरोबर धर्मयुद्धाला गेला आणि १२५० मध्ये इजिप्तमध्ये मन्सूरा इथे पडला. घराणं कर्जात बुडालं आणि १२५९ मध्ये ही गढी बर्गंडीच्या ड्यूकला विकावी लागली. किल्ल्यावर बुरुज चढून ग्रोन नदीचं खोरं बघा, ठीक आहे. पण वेळ कमी असेल तर किल्ला सोडा आणि सोंडेच्या टोकावरचं सें-पिएर चर्च बघा. आतल्या भिंतींवर मध्ययुगीन चित्रांचे फिकट तुकडे आहेत आणि छत टोकदार कमानीचं आहे. टोकदार कमान भार जरा सरळ खाली नेते, बाजूला कमी ढकलते. म्हणजे टूर्नूच्या प्रश्नाला दुसरं उत्तर.

रात्रीची सोय मात्र आधी फोन करून पक्की करा. ब्रांसियोंत आणि आसपास खोल्या मोजक्याच. घरगुती खोली देणारे रात्रीचं जेवणही देतात, पण ते आदल्या दिवशी सांगितलं तरच. शाकाहारी असाल तर ‘मांस खात नाही’ एवढ्यावर थांबू नका. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, म्हणजे लार्दों, सॅलडमध्ये चवीपुरते टाकले तर ते मांस नाही अशी तिथे अनेकांची प्रामाणिक समजूत असते. लार्दों नको, मासे नको, अंडं-चीज चालेल, असं नावं घेऊन सांगा.

दुसरा दिवस बारा-तेरा किलोमीटरचा आणि आमच्या मते सगळ्यात सरस. ब्रांसियोंहून उतरून लांशार नावाची वाडी लागते. तिथे सरदार घराण्यांतल्या जोगिणींचा मठ होता, आता त्याचं अर्धवट चर्च उरलंय. मग जंगलाची कड धरून शापेज. जमीन चिकणमातीची. पाऊस पडून गेला असेल तर बुटांना किलोकिलोचे गोळे लागतात आणि ताशी चार किलोमीटरचा वेग अडीचवर येतो. तेवढा वेळ हातात ठेवा. गवतात गोचीड असतात. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तपासा. सापडली तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या आकड्याने फिरवून काढा. तेल, काडी, मेणबत्ती असले उद्योग नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टर गाठा. सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा मोसम. वाटेवर ‘शास आं कूर’ अशी पाटी दिसली तर समजा की पुढे बंदुका आहेत. भडक नारिंगी जाकीट अंगात हवं, आणि झाडीत घुसून शॉर्टकट नको.

शापेजचं सें-मार्तां चर्च अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. पस्तीस मीटरचा मनोरा एवढ्याशा गावावर उभा, लांबूनच दिसतो. आत गेल्यावर मधोमध उभे राहा आणि खांबांकडे बघा. जाडजूड गोल खांब, आणि ते चक्क बाहेरच्या बाजूला कललेले. डोळ्यांचा भास नाही. मूळ छताच्या रेट्याने ते तसे झुकले आणि बाराव्या शतकात मधलं छत टोकदार कमानीचं नव्याने करावं लागलं. टूर्नूला आडवे बोगदे कशासाठी, याचं उत्तर इथे मिळतं.

अशी चर्च सहसा दिवसा उघडी असतात, राखणदार कोणी नाही. १९०५ च्या कायद्यानंतर आधीपासूनची गावची चर्च नगरपालिकेच्या मालकीची झाली. एकेका पाद्र्याकडे अनेक गावं, त्यामुळे प्रार्थना कधीतरीच होते. कुलूप दिसलं तर किल्ली ‘मेरी’त, म्हणजे गावच्या कचेरीत असते, आणि लहान गावात ती कचेरी आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवसच उघडते. दिव्याचं बटण दाराजवळ शोधा, काही मिनिटांनी तो आपोआप विझतो. बाहेर पडताना दार ओढून घ्या, नाहीतर पाकोळ्या आत शिरतात आणि अडकतात.

वाटेत शेळ्यांचं शेत आणि ‘फ्रोमाज’ची पाटी दिसली तर थांबा. माकोने नावाचं चीज पन्नास-साठ ग्रॅमचं, खाली रुंद वर निमुळतं. साच्यात असताना ते उलटवत नाहीत, म्हणून आकार तसा. ताजं मऊ मिळतं आणि वाळलेलं कडकही. चालताना वाळलेलं बरं, पिशवीत लोळा होत नाही.

दुसरा दिवस संपतो तो कॉर्मातांला. तिथला वाडा ब्रांसियोंच्या नेमका उलट. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला द्यूक्सेल घराण्याने बांधला. खंदक आहे, पण आता शोभेचा. आतल्या १६२०च्या दशकातल्या खोल्या सोन्याने आणि निळ्या रंगाने मढलेल्या. तीन बाजूंच्या वाड्याची एक बाजू मात्र गायब आहे: तिथे कापडाचा कारखाना घालायचा घाट घातला, त्यात ती १८१५ मध्ये कोसळली. हिवाळ्यात वाडा बंद.

आता पोटाचं. दुकानं बारा ते दोन बंद. जेवणाचं हॉटेल दुपारी बारा ते दीडच्या आत गाठलं तर ठीक, दोन वाजून पाच मिनिटांनी हात जोडून उपयोग नाही. पुढचा स्वयंपाक संध्याकाळी सातनंतरच. सोमवारी बरंच काही बंद असतं, रविवारी दुपारनंतर जवळपास सगळंच. म्हणून टूर्नूतून निघतानाच एक पाव, चीज आणि फळं घ्या. पाणी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. संपलं तर कबरस्तान शोधा, तिथे फुलांसाठी नळ असतो. ‘नॉं पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिऊ नका. जुन्या धुण्याच्या हौदांचं पाणी तर कितीही नितळ दिसलं तरी नकोच. मोसम मेचा उत्तरार्ध, जून, नाहीतर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीपार जाऊ शकतो आणि कुरणात सावली नसते.

तिसरा दिवस सपाट. जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये केलेली जीव्री-क्लुनी हरितवाट, फ्रान्समधली पहिली. तिचा कॉर्मातां ते क्लुनी एवढाच भाग चालायचा, चौदा-पंधरा किलोमीटर. सपाट म्हणून तिला सोपी समजू नका, डांबरावर ट्रेकिंगचे कडक बूट घातले तर टाचेला फोड हमखास. हलके बूट घाला, उजव्या कडेने चाला, सायकली मागून येतात. मध्ये तेझे लागतं. १९४० मध्ये ब्रदर रोजे तिथे आले आणि त्यांनी उभ्या केलेल्या ख्रिस्ती समुदायाकडे जगभरचे तरुण येतात. मोठ्या प्रार्थनागृहापेक्षा गावचं जुनं इवलंसं चर्च अधिक शांत.

आणि मग क्लुनी. ९१० मधला मठ, १०८८ मध्ये सुरू झालेलं तिसरं चर्च १८७ मीटर लांब. रोमचं आजचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं नव्हतं. छत टोकदार कमानीचं, तरीही ११२५ मध्ये त्याचा एक भाग खाली आला. पाडलं मात्र माणसांनी. क्रांतीनंतर १७९८ मध्ये ते व्यापाऱ्यांना विकलं गेलं आणि १८२३ पर्यंत सुरुंग लावून दगड विकले गेले. मधल्या दालनातूनच रस्ता काढला. घोड्यांची सरकारी पागाही याच दगडांनी उभारली. आज उभा आहे तो एका आडव्या बाजूचा तुकडा. त्याच्याखाली उभं राहून वर बघा, तीसेक मीटर. मग शेजारच्या धान्यकोठारात जा. तेराव्या शतकातलं, उलट्या नावेसारखं ओकचं छप्पर. मठातल्या खाणाऱ्या तोंडांना काय काय लागत असेल ते त्या कोठारात कळतं. पाडलेल्या चर्चच्या वेदीभोवतीच्या खांबांचे कोरीव माथेही तिथेच मांडलेत.

परतीची माकोंची बस गावातूनच सुटते. रविवारी फेऱ्या फार कमी, म्हणून गुरुवारी सकाळी टूर्नूहून निघा आणि शनिवारी दुपारी क्लुनी गाठा.