डॅशिंग कारमध्ये न मावलेला गुडघा

आज सकाळी चहा पिता पिता फोन उघडला आणि एका क्रिकेटपटूचा फोटो समोर आला. दोन मालिकांच्या मधल्या सुट्टीत तो आपल्या लहान मुलीला घेऊन थीम पार्कमध्ये गेला होता. तोंडावर मास्क, खांद्यावर मुलीची गुलाबी पिशवी. फोटो पाहून बरे वाटले, आणि तेवढ्यावर फोन ठेवला असता तर दिवस चांगला गेला असता. पण मी खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. 'मागच्या सामन्यात शून्यावर गेलास, आता पाळण्यात कसला बसतोस, नेटमध्ये जा,' असे एका गृहस्थांनी लिहिले होते आणि त्यांना भरभरून दाद मिळाली होती. दाद देणाऱ्यांत माझ्या यादीतली दोन माणसे दिसली, म्हणून हे लिहिते आहे.

माझे बाबा कबड्डी खेळत. उजवा कोपरा ही त्यांची जागा. नोकरी खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली, त्यामुळे सकाळी कचेरी, संध्याकाळी सराव आणि सामन्यांच्या हंगामात शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या मातीच्या मैदानावर. मी आठ वर्षांची आणि धाकटा भाऊ पाच वर्षांचा असताना, १९९४ च्या मे महिन्यात, त्यांनी आम्हाला एस्सेलवर्ल्डला न्यायचे कबूल केले. तीन रविवार सामन्यांत गेले. चौथ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता सामना होता, तरीही ते म्हणाले, 'चला, दुपारपर्यंत आहे मी.'

बोरिवलीहून बसने गोराई खाडी आणि तिथून बोट. बाबांच्या डाव्या गुडघ्याला महिनाभरापासून सूज होती आणि त्यावर क्रेप बँडेज गुंडाळलेले होते. ते भावाला घेऊन डॅशिंग कारमध्ये बसायला गेले, तर गुडघा दुमडेना. पाय गाडीच्या बाहेर राहिला आणि तिथल्या माणसाने शिट्टी मारून त्यांना उतरवले. मग ते आमच्या चपला आणि आईची पिशवी घेऊन कठड्याशी उभे राहिले आणि आमच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या की मैदानावर ओरडावे तसे ओरडू लागले, 'धर, धर! पकड सोडू नकोस!' आजूबाजूचे लोक हसत होते. तीन वाजता ते बोटीने परत गेले.

सामना हरला. दुसऱ्या दिवशी संघाचे व्यवस्थापक आमच्या दारात उभे राहून म्हणाले, 'पोरांना पाळण्यात बसवायला गेलास, म्हणून पाय आखडला तुझा.' मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होते. बाबांनी गुडघ्याच्या महिनाभराच्या सुजेबद्दल एक शब्द काढला नाही. सकाळची ती प्रतिक्रिया वाचली तेव्हा मला तीस वर्षांपूर्वीचा तोच आवाज ऐकू आला, आणि खरे सांगायचे तर हात थरथरले.

आपल्याला खेळाडूच्या घरातले नेमके काय हवे असते? १९७६ मध्ये रोहनचा जन्म झाला तेव्हा गावसकर परदेश दौऱ्यावर होते आणि मुलाचे तोंड त्यांनी सुमारे अडीच महिन्यांनी पाहिले. हे आपण अभिमानाने सांगतो. २०१५ च्या विश्वचषकापूर्वी धोनीला मुलगी झाली तेव्हा तो ऑस्ट्रेलियात थांबला, हेही. पण २०२० मध्ये ॲडलेडला आपण ३६ धावांत गुंडाळले गेल्यावर कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी, आधीच घेतलेल्या रजेवर, घरी परतला, तर तो संघाला वाऱ्यावर सोडून गेला म्हणे! पुढे रहाणेच्या नेतृत्वाखाली आपण ती मालिका २-१ ने जिंकली, हे मात्र कोणी आठवत नाही. त्याच दौऱ्यावर वेगवान गोलंदाज नटराजन होता. त्याची मुलगी नोव्हेंबरात जन्मली, तो आयपीएल संपवून परस्पर ऑस्ट्रेलियाला गेला आणि लेकीला त्याने पाहिले ते थेट जानेवारीत. त्याच्या रजेबद्दल फारसा वादही झाला नाही. लहान खेळाडूच्या बापपणाची दखल घ्यायलाही आपल्याला सवड नसते.

मान्य आहे, आजच्या क्रिकेटपटूला कोट्यवधी रुपये मिळतात आणि माझ्या बाबांना सामन्यानंतर वडापाव मिळत असे. सामना टाकून सहलीला जावे, असेही कोणी म्हणत नाही. परंतु सुट्टीच्या दिवशीही त्या माणसाने आपल्या पराभवाचे सुतक पाळत घरात बसावे, ही अपेक्षा कुठून येते? गेल्या वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, क्रिकेट मंडळाने नियमच केला की पंचेचाळीस दिवसांहून मोठ्या दौऱ्यात कुटुंबाने जास्तीत जास्त दोन आठवडे सोबत राहावे. जणू बायकामुलांमुळे बॅटची कड लागते.

आणि खेळाडू बाई असेल तर विचारूच नका. मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुले झाली, २००८ मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली आणि २०१२ मध्ये लंडनहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आली. तरीही तिला 'मुलांना कोणाकडे ठेवता?' हा प्रश्न आणि बाप्या खेळाडूला 'फॉर्म कधी येणार?' हा प्रश्न. मुले दोघांचीही घरीच असतात.

मघाशी रागाच्या भरात त्या दोघांना यादीतून काढणार होते. काढले नाही. त्यांतला एक स्वतः रोज रात्री दहाला घरी येतो आणि त्याचा मुलगा तोवर झोपलेला असतो, हे मला ठाऊक आहे. कदाचित त्याला त्या गुलाबी पिशवीचाच राग आला असेल.

त्या रविवारनंतर बाबा आम्हाला कुठल्याही पार्कमध्ये घेऊन गेले नाहीत. आई न्यायची, ते पैसे द्यायचे. मोठी झाल्यावर मी एकदा विचारले, तर म्हणाले, 'तुम्ही मजा केलीत ना, झाले.' त्या व्यवस्थापकांचा विषय त्यांनी आजवर काढलेला नाही आणि मीही काढलेला नाही.

दुपारी त्यांना तो फोटो दाखवला. आता गुडघा बदललेला आहे, पायऱ्या ते अजूनही कठडा धरूनच चढतात. चष्मा लावून, दोन बोटांनी फोटो मोठा करून त्यांनी बराच वेळ पाहिला. प्रतिक्रिया मी दाखवल्या नाहीत. 'पिशवी बापाकडे आहे,' ते म्हणाले, 'म्हणजे पोरगी नुकतीच खाली उतरलेली दिसते.' मग फोन परत देताना विचारले, 'चपला कोणाकडे होत्या गं?'