काथ्याला पाणी

आमच्या घरात मिरची हा विकत घ्यायचा जिन्नसच नव्हे. कोथिंबिरीची जुडी घेतली की भाजीवाल्या मावशी चार मिरच्या आपणहून पिशवीत टाकतात. असे असूनही गेल्या डिसेंबरात, पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, मी भूत जोलोकिया या मिरचीचे बी रुजवण्याचा घाट घातला. आसामहून परतलेल्या मित्राने दोन वाळक्या मिरच्या दिल्या होत्या, आणि २००७ साली गिनीज बुकाने जगातील सर्वांत तिखट म्हणून नोंदवलेली ती वस्तू फोडणीत टाकण्याचे धैर्य घरात कोणालाच नव्हते. मिरचीचा खरा जाळ बियांत नसून त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो, हे ज्ञान मला बिया काढलेल्या हाताने डोळा चोळल्यावर झाले.

या बियांना रुजायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते आणि पुण्यातील डिसेंबरची रात्र सहज बारा अंशांपर्यंत उतरते. सबब ओल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, ट्रे घेऊन मी घरभर ऊब शोधत हिंडलो. फ्रिजच्या माथ्यावर दोन दिवस काढून ती वरात अखेर सेट-टॉप बॉक्सवर स्थिरावली. मालिका संपताच भिंतीवरचे बटण बंद करण्याची आईची जन्माची सवय त्या दिवसापासून मी मोडायला लावली.

साधी मिरची आठ-दहा दिवसांत उगवते. या जातीला तीन-चार आठवडेही लागतात. हे ठाऊक असूनही दहाव्या दिवशी मी एक बी उकरून पाहिले. बाराव्या दिवशीही तेच उकरले, कारण उगाच दुसऱ्याची झोपमोड नको. पाहुण्यांनी विचारले, तर बाबा गंभीरपणे सांगत, "हल्ली तो काथ्याला पाणी घालतो."

तेविसाव्या दिवशी दोन कोंब आकड्यासारखी मान वाकवून वर आले, परंतु दोघांच्याही डोक्यावर बियांची टरफले टोपीसारखी घट्ट अडकली होती. अशा वेळी टरफल पाण्याने भिजवून धीर धरायचा असतो. मी चिमटा घेतला. पहिल्याची टोपी डोक्यासकट हातात आली.

दुसऱ्याला मी हात लावला नाही आणि त्याने चौथ्या दिवशी टोपी स्वतःच उतरवली. ऊबेपेक्षा आता त्याला उजेड हवा असल्याने त्याची रवानगी खिडकीत झाली. त्याच रात्री आईने सेट-टॉप बॉक्सचे बटण स्वतःच्या हाताने खटकन बंद केले आणि सकाळी मला कोथिंबीर आणायला धाडताना बजावले, "मिरच्या मागून घे."