रोआल्ड डालच्या गोष्टी मुलांना क्रूर बनवतात?

“रोआल्ड डालच्या गोष्टी क्रूर आहेत. त्या मुलांना मोठ्यांचा तिरस्कार करायला शिकवतात. आजच्या मुलांना द्यायच्या तर आधी त्या धुऊन घ्यायला हव्यात. आणि त्या अजून खपतात त्या आईबाबांच्या जुन्या आठवणींवर नि चित्रपटांच्या जोरावर.” ब्रिटिश बालसाहित्यिक रोआल्ड डालबद्दल अशा अर्थाचा मजकूर अधूनमधून फिरत असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांना मुलांच्या वाचनाची खरोखर काळजी असते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं वाटतं.

क्रूरपणाचा आरोप सर्वांत मोठा, तेव्हा तोच आधी घेऊ. डालच्या गोष्टींत भयंकर गोष्टी घडतात, हे खरंच आहे. १९६१च्या ‘जेम्स अँड द जायंट पीच’मध्ये सुरुवातीलाच जेम्सच्या आईवडिलांना गेंडा खाऊन टाकतो आणि पुढे त्याचा छळ करणाऱ्या दोन मावश्या अवाढव्य पीचखाली चिरडल्या जातात. पण ही शिक्षा कुणाला होते ते पाहा. जो दुबळ्याला छळतो, त्यालाच. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’मध्ये विली वोन्काच्या चॉकलेटच्या कारखान्यात चार हट्टी मुलांची दुर्दशा होते, तरी शेवटी चौघंही जिवंत बाहेर पडतात: एक लुकडा होऊन, एक जांभळ्या चेहऱ्याची, एक कचऱ्याने माखलेली, एक ताणून लांबलचक झालेला. मुलांची न्यायाची कल्पना अशीच असते, रोखठोक आणि थोडी अतिशयोक्त.

‘जॉर्जेस मार्व्हलस मेडिसिन’चं समर्थन करणं त्याहून अवघड आहे, कारण तिथे नातवाच्या काढ्याने आजी लहान लहान होत नाहीशीच होते. पण शेवटचं पान नीट वाचावं. जॉर्ज तिथे विजयाने नाचत नाही, तो गप्प आहे आणि आतून थरथरतो आहे. आपल्या हातून काहीतरी प्रचंड घडलं, हे त्याला कळलं आहे. क्रूरपणाची चटक लावणारा लेखक इथे मुलाला हसवून मोकळा झाला असता.

या अंधाराचा उगम डालच्या आयुष्यात सापडतो. तो तीन वर्षांचा असताना, १९२०मध्ये, त्याची सात वर्षांची बहीण अ‍ॅस्ट्री गेली आणि काही आठवड्यांतच वडील गेले. वेल्समधल्या शाळेत मुख्याध्यापकांनी छडीने इतकं मारलं की वळ पाहून आईने त्याला तिथून काढलं. पुढच्या इंग्लिश शाळांतही छडी होतीच. हे सगळं त्याने १९८४च्या ‘बॉय’मध्ये लिहून ठेवलं आहे. १९६२मध्ये त्याची स्वतःची मुलगी ऑलिव्हिया गोवरातून झालेल्या मेंदूच्या दाहाने गेली, तीही सात वर्षांची. वीस वर्षांनी ‘द बीएफजी’ (बिग फ्रेंडली जायंट) हे पुस्तक त्याने तिला अर्पण केलं. त्या पुस्तकात माणसं खाणारे राक्षस आहेत आणि मुलांच्या खोल्यांत रात्री चांगली स्वप्नं फुंकणारा एक हळवा राक्षसही आहे. जगात वाईट घडतं, हे मुलांना ठाऊकच असतं. डाल ते त्यांच्यापासून लपवत नाही, म्हणून मुलं त्याच्यावर विश्वास ठेवतात.

मोठ्यांच्या तिरस्काराचं म्हणाल, तर ‘माटिल्डा’मध्ये जुलमी मुख्याध्यापिका मिस ट्रंचबुलच्या शाळेतच प्रेमळ मिस हनी शिकवते आणि माटिल्डा शेवटी तिच्याकडेच राहायला जाते. ‘डॅनी, द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड’ तर वडिलांवरचं प्रेमपत्रच आहे. ‘द विचेस’मधली नॉर्वेची आजी सिगार ओढते, चेटकिणींच्या गोष्टी सांगते आणि नातवाचा उंदीर झाल्यावरही तितकीच माया करते. उंदराला फार तर नऊएक वर्षं आयुष्य, हे कळल्यावर तो मुलगा आनंदतो, कारण आजीच्या मागे त्याला एकटं उरायचं नाही. १९९०च्या चित्रपटाने त्याला पुन्हा माणूस केलं आणि डालला ते मुळीच रुचलं नाही. त्याचं बरोबर होतं. हुकूम गाजवणारा मोठा माणूस आणि जीव लावणारा मोठा माणूस यांतला फरक ही पुस्तकं मुलांना दाखवतात.

आता धुऊन घेण्याची गोष्ट. २०२३च्या फेब्रुवारीत डालच्या पुस्तकांत पफिन या प्रकाशनाने केलेले बदल उघड झाले. ‘द ट्विट्स’मधली मिसेस ट्विट कुरूप आणि दुष्ट होती, ती नुसती दुष्ट उरली. पण त्याच पुस्तकात डाल सांगतो की मनात वाईट विचार घोळवत राहिलं की ते चेहऱ्यावर उतरतात. आणि मन चांगलं असेल तर नाक वाकडं असो, दात पुढे असोत, माणूस सुंदरच दिसतो. शरीरावरून हिणवू नये, हे मुलांना सांगण्याची इतकी सुरेख जागा आयती असताना, तिचा आधार असलेली कुरूपताच काढून टाकली. वाद पेटल्यावर पफिनने मूळ संहितेची सतरा पुस्तकंही छापायची ठरवली.

प्रत्येक बदल चुकीचाच असतो, असं मी म्हणत नाही. ‘चार्ली’च्या १९६४च्या आवृत्तीत वोन्काच्या कारखान्यातले कामगार, ऊम्पा-लूम्पा, हे आफ्रिकेतून आणलेले बुटके पिग्मी लोक होते. त्यावर आक्षेप आले, ते योग्यच होते आणि १९७३च्या आवृत्तीत डालनेच ते बदलले. तो बदल लेखकाच्या हयातीत, त्याच्या हातून झाला आणि एका खऱ्या अन्यायासाठी झाला.

आठवणी आणि चित्रपटांचा मुद्दा थोडक्यात संपतो. आठवणी पालकांच्या असतात, सात वर्षांच्या वाचकाच्या नसतात. तो पुस्तक पहिल्यांदाच उघडतो आणि आवडलं नाही तर दुसऱ्या पानावर मिटतो. वोन्काचा पहिला चित्रपट १९७१चा, पुस्तक त्याच्या सात वर्षं आधीचं.

राहिला डाल हा माणूस. १९८३मध्ये त्याने एका मुलाखतीत ज्यूंबद्दल काढलेले उद्गार घृणास्पद होते. त्याच्या कुटुंबाने त्यांबद्दल माफी मागितली आहे, ती २०२०मध्ये सर्वांसमोर आली. मुलं कळत्या वयाची झाली की त्यांना हेही स्पष्ट सांगावं, त्यावर पांघरूण घालू नये. मात्र त्या उद्गारांचा जाब डालकडे मागायचा. माटिल्डाने आणि त्या उंदीर झालेल्या मुलाने त्यासाठी कपाटात कोंडून राहायचं काही कारण नाही.