चहाच्या टेबलावरचा लवाद

आयर्लंडच्या दक्षिणेला, मन्स्टर प्रांतात राहणाऱ्या माणसाला हर्लिंग या खेळाविषयी मत नसणे परवडत नाही, आणि मत असणे तर त्याहून परवडत नाही. मी कॉर्कजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. गोळीचे वजन ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही हे मी सांगितले की तेथे कोणी हुज्जत घालत नाही. परंतु एप्रिल महिना उजाडून काउंटी-काउंटींमधली, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्या-जिल्ह्यांमधली, चॅम्पियनशिप सुरू झाली, की दर सोमवारी दहाच्या चहाला माझी परस्पर सर्वोच्च न्यायालयात नेमणूक होते. त्याचे कारण एवढेच, की मी मूळचा साताऱ्याचा आहे. मला कोणतीच काउंटी नाही, म्हणून मी तटस्थ. आणि तटस्थ माणूस या भागात इतका दुर्मीळ आहे, की तो एकदा हाती लागला की त्याला कोणी मोकळा सोडत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंधरा-पंधरा जणांचे दोन संघ, प्रत्येकाच्या हातात अॅशच्या लाकडाची, टोकाशी रुंद होत गेलेली हर्ली, आणि क्रिकेटच्या चेंडूएवढाच पण त्याहून हलका, स्लिटर नावाचा चेंडू. तो आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण; दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. खांबांपाशी पांढरे डगले घातलेले अंपायर उभे असतात. गोल झाला तर हिरवे आणि गुण मिळाला तर पांढरे निशाण ते फडकावतात. या सगळ्या धुमश्चक्रीत सत्तर मिनिटे एकच रेफरी शिट्टी घेऊन पळत असतो. खेळाडूंना पगार नसतो, त्यामुळे रविवारी ज्या बचावपटूचा आपण उद्धार करतो तोच सोमवारी आपल्या मुलांना गणित शिकवायला उभा असण्याची शक्यता असते. खेळाडूंवरच्या टीकेला त्यामुळे आपोआप एक मर्यादा येते, आणि उरलेली सगळी टीका रेफरीच्या वाट्याला जाते.

आमच्या टेबलावर पाच काउंट्यांचे प्रतिनिधी बसतात. त्यांची नावे मी सांगत नाही, कारण मला उद्याही त्याच टेबलावर बसायचे आहे. आपण त्यांना कॉर्ककर, क्लेअरकर, लिमरिककर, टिपरेरीकर आणि किल्केनीकर म्हणू. किल्केनी ही खरे तर लेन्स्टर प्रांतातली काउंटी, पण किल्केनीकरांची सासुरवाडी कॉर्कची असल्यामुळे ते इकडे येऊन राहिले आहेत. निवृत्तीला टेकलेले हे गृहस्थ बोलतात कमी, पण त्यांच्या काउंटीने अखिल आयर्लंड चषक सर्वांत जास्त वेळा, म्हणजे ३६ वेळा, जिंकलेला असल्यामुळे त्यांचे गप्प बसणेसुद्धा इतरांना उद्धट वाटते.

कामकाजाची सुरुवात नेहमी एकमताने होते, आणि ते एकमत असे असते की रेफरी टाकाऊ होता. मतभेद त्यानंतर सुरू होतात. रेफरीने बारीकसारीक धक्क्यांकडे काणाडोळा केला असेल, तर जिंकलेला म्हणतो, ‘खेळ वाहता ठेवला, वा!’ आणि हरलेला म्हणतो, ‘शिट्टी घरी विसरून आला होता.’ हातात चेंडू घेऊन चारपेक्षा जास्त पावले टाकायची नाहीत, असा नियम आहे. समोरच्याच्या खेळाडूने टाकलेली पाचवी, सहावी आणि सातवी पावले प्रत्येकाने मोजून ठेवलेली असतात. स्वतःच्या खेळाडूचे पाचवे पाऊल मात्र या टेबलावर आजवर एकानेही पाहिलेले नाही. हाताने पास देताना चेंडूला स्पष्ट फटका बसायला हवा, नुसता फेकायचा नाही, हा दुसरा नियम; त्यावर तर दोन दोन सोमवार जातात, आणि प्रात्यक्षिकासाठी संत्री वापरली जातात.

मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणतो, ‘यालाच विचारू. हा तटस्थ आहे.’ मी काहीतरी सांगतो. लगेच उत्तर येते, ‘तुला काय कळणार? तू लहानपणी कधी हर्ली हातात धरलीस का?’ म्हणजे मी हा खेळ कधी खेळलेलो नाही, हीच माझी न्यायाधीश म्हणून पात्रता, आणि निकाल दिल्याक्षणी तीच माझी अपात्रता. आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याचा निर्णय, अशी साधी, सोपी आणि टिकाऊ न्यायव्यवस्था होती. येथे प्रत्येकाच्या गाडीच्या डिकीत स्वतःची हर्ली असल्यामुळे ती लागू करता येत नाही.

सर्वांत कठीण खटला २०२४ सालच्या अंतिम सामन्याचा. क्लेअर आणि कॉर्क यांच्यातला तो सामना जादा वेळेत गेला आणि क्लेअरने तो ३-२९ विरुद्ध १-३४ असा (आधी गोल, मग गुण), म्हणजे गोलांचे गुण करून पाहिले तर ३८ विरुद्ध ३७ असा, एका गुणाने जिंकला. अगदी शेवटच्या क्षणी कॉर्कच्या रॉबी ओफ्लिनने बरोबरीसाठी चेंडू मारला आणि तो वाइड, म्हणजे खांबांच्या बाहेरून, गेला. मारताना त्याची जर्सी मागून ओढलेली होती, हे छायाचित्रांत लख्ख दिसते. त्यासाठी शिट्टी वाजली नाही. वाजली ती सामना संपल्याची. आमच्या कॉर्ककराने ते छायाचित्र फोनमध्ये जपून ठेवले आहे. लोक आपल्या नातवंडांचे फोटो दाखवतात त्या तत्परतेने तो ते काढतो आणि दोन बोटांनी मोठे करत करत अशा टोकाला नेतो, की शेवटी पडद्यावर फक्त लाल कापड उरते. ‘हे काय आहे? तूच सांग, काय आहे हे?’

मी म्हणालो, की जर्सी ओढली आहे, फ्री, म्हणजे फाउलबद्दलचा मोकळा फटका, द्यायला हवा होता. त्यावर क्लेअरकर शांतपणे म्हणाला, की तू कॉर्कमध्ये राहतोस, तुझी मुलगी कॉर्कच्या शाळेत जाते, तुझा पगार कॉर्कमध्ये होतो, तेव्हा ज्यांचे मीठ खातोस त्यांची बाजू घेणारच. पुढच्या सोमवारी मी तोल सांभाळण्यासाठी म्हणालो, की एवढ्या गर्दीत आणि एवढ्या वेगात एका माणसाला सगळे कसे दिसणार. तर कॉर्ककराने मला बिस्किटांचा पुडा द्यायचे बंद केले. टेबलावर पुडा तोच आणतो, त्यामुळे ही शिक्षा किरकोळ नव्हती.

हे सगळे चालू असताना लिमरिककराला हटकून १९९८ आठवते. त्या वर्षी क्लेअर आणि ऑफली या काउंट्यांमधला उपांत्य सामना बरोबरीत सुटला, म्हणून तो पुन्हा खेळवला गेला; त्या दुसऱ्या सामन्यात क्लेअर तीन गुणांनी पुढे असताना रेफरीने सुमारे दोन मिनिटे आधीच शेवटची शिट्टी वाजवली. ऑफलीचे प्रेक्षक डब्लिनमधल्या क्रोक पार्कच्या मैदानात उतरले आणि हिरवळीवर चक्क ठाण मांडून बसले. अखेर सामना तिसऱ्यांदा, टिपरेरीतल्या थर्लिस गावी, खेळवावा लागला. तो ऑफलीने जिंकला आणि पुढे अंतिम सामन्यात किल्केनीला हरवून चषकही नेला. मैदानात मांडी घालून बसून चषक मिळवता येतो, ही गोष्ट सत्याग्रहाच्या देशातून आलेल्या माझ्यासारख्याला फार आवडली, पण क्लेअरकरासमोर मी ती आवड दाखवत नाही. त्याचे म्हणणे असे, की शिट्टी वाजली म्हणजे सामना संपला. आणि विचार केला तर साऱ्या टेबलावर सुसंगत विचारांचा तेवढा एकच माणूस आहे. १९९८ मध्ये शिट्टी वाजली, म्हणून सामना संपला. २०२४ मध्ये शिट्टी वाजली नाही, म्हणून फाउल झालाच नाही. शिट्टीवर इतकी अढळ निष्ठा मी कोणत्याही रेफरीचीसुद्धा पाहिलेली नाही.

लिमरिककराचे दुःख निराळेच आहे. त्याच्या काउंटीने २०१८ साली आणि मग २०२० पासून २०२३ पर्यंत ओळीने चार वर्षे चषक जिंकला. आता एवढे मिळालेला माणूस समाधानाने चहा पीत असेल असे कोणाला वाटेल. पण मधले २०१९ राहिले ना! त्या वर्षीच्या उपांत्य सामन्यात किल्केनीविरुद्ध लिमरिक एका गुणाने मागे असताना, अगदी अखेरीस, त्यांच्या कडेच्या फटक्याचा चेंडू किल्केनीच्या खेळाडूच्या हर्लीला लागून बाहेर गेला. नियमाप्रमाणे ६५ मीटरच्या रेषेवरून फ्री फटका मिळायला हवा होता. रेफरीने आणि त्याच्या मदतनिसांनी वाइड ठरवले आणि सामना संपला. ‘ते पासष्ट मिळाले असते तर आमचे ओळीने सहा झाले असते,’ असे तो सांगतो तेव्हा त्याचा आवाज खरोखर जड होतो. ते पासष्ट मिळाल्यावर गोलखांबांतून मारावेही लागले असते, नंतर जादा वेळ आणि अंतिम सामनाही जिंकावा लागला असता, या तपशिलांना त्याच्या लेखी महत्त्व नाही. किल्केनीकर अशा वेळी खिडकीबाहेर पाहतात. पण टिपरेरीकराने २०१९ च्याच अंतिम सामन्याचे नाव काढले, की त्यांनाही कंठ फुटतो, कारण त्यात मध्यंतरापूर्वी रिची होगनला लाल कार्ड मिळाले आणि चौदा जणांची किल्केनी चौदा गुणांनी हरली.

यंत्र आले की तंटे मिटतील, असे मला एके काळी वाटत असे. क्रोक पार्कमध्ये २०१३ पासून हॉक-आय, म्हणजे चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून हे सांगणारे यंत्र, आहे. २०१४ च्या अंतिम सामन्यात, टिपरेरी आणि किल्केनी बरोबरीत असताना, टिपरेरीच्या जॉन ओड्वायरने अगदी शेवटी, फार दुरून मारलेली फ्री त्या यंत्राने अगदी थोडक्याने वाइड ठरवली. सामना पुन्हा खेळवला गेला आणि किल्केनीने तो जिंकला. टिपरेरीकर त्या यंत्राविषयी एखाद्या नातेवाइकाविषयी बोलावे तसा, नाव न घेता बोलतो. २०२५ मध्ये याच दोन संघांच्या उपांत्य सामन्यात तर वाद गुणफलकापर्यंत गेला: सामना संपला तेव्हा टिपरेरीचे ४-२१ दिसत होते, नंतर अधिकृत आकडा ४-२० असा जाहीर झाला. किल्केनीचे ०-३० होते, म्हणजे शेवटची धडपड करताना फरक तीनचा आहे असे फलक सांगत होता आणि प्रत्यक्षात तो दोनचा होता. ज्या देशात झालेले गुण किती यावरही सामन्यानंतर निवेदन काढावे लागते, तेथे फाउल झाला की नाही हे मी चहाच्या टेबलावर कोणत्या तोंडाने सांगणार?

रेफरीवर बोलून झाले की डावपेचांकडे वळतात, आणि तेथे माझ्या डब्यावर संकट येते. २०२५ च्या अंतिम सामन्यात कॉर्क मध्यंतराला १-१६ विरुद्ध ०-१३ असा सहा गुणांनी पुढे होता. उत्तरार्धात त्याला फक्त दोन गुण मिळाले आणि टिपरेरीने ३-२७ विरुद्ध १-१८ असा, पंधरा गुणांनी चषक उचलला. कॉर्कने तो २००५ नंतर उचललेला नव्हता. मध्यंतरात कॉर्कच्या ड्रेसिंग रूममध्ये काय घडले, यावर इतकी प्रमेये मांडली गेली, की तेवढ्यात एखादे विद्यापीठ चालावे. टिपरेरीने बचावात मागे एक जादा माणूस, म्हणजे स्वीपर, ठेवला होता, हे समजावण्यासाठी टेबलावर बिस्किटांचे संघ मांडले गेले. बिस्किटे कमी पडली तेव्हा माझ्या डब्यातल्या शंकरपाळ्यांची कॉर्कच्या आघाडीत भरती झाली. किल्केनीकरांचा असल्या व्यूहांवर मुळीच विश्वास नाही. गोलरक्षकाने जवळच्या माणसाला लहान पक-आउट (गोलापासून खेळ पुन्हा सुरू करणारा फटका) द्यायचा, त्याने बाजूच्याला, त्याने पुन्हा मागे, याला ते कारकुनी म्हणतात. ‘चेंडू लांब मारा, तो माणसापेक्षा वेगाने पळतो,’ एवढे एकच वाक्य उच्चारून त्यांनी माझी तीन शंकरपाळी थेट गोलात, म्हणजे तोंडात, टाकली. तेवढ्यात बोलण्याच्या भरात टिपरेरीकराने स्वतःचाच स्वीपर चहात बुडवून खाल्ला. त्यानंतर कॉर्कची आघाडी टेबलावर मोकळी होती, तरीही गुण झाला नाही, असे क्लेअरकराने सर्वांच्या निदर्शनास आणून दिले. ते त्याने करायला नको होते.

जुलैत अंतिम सामना झाला की हा छळ संपेल, असे बाहेरच्या माणसाला वाटते. पण लगेच क्लबांची चॅम्पियनशिप सुरू होते, आणि रविवारपर्यंत एका लाल झेंड्याखाली रडणारे कॉर्ककर आपापल्या पॅरिशचे, म्हणजे चर्चभोवतीच्या गावाचे, रंग लावून एकमेकांवर तुटून पडतात. त्यातच माझी मुलगी कॅमोगी, म्हणजे मुलींचे हर्लिंग, खेळू लागली आहे. परवाच्या शनिवारी तिच्या बारा वर्षांखालील संघाच्या सामन्याला अंपायर कमी पडले. प्रशिक्षक बाई कडेला उभ्या असलेल्या पालकांवरून नजर फिरवत माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही घ्या ना निशाणे, तुम्ही तर तटस्थ.’ मी म्हटले, की माझी स्वतःची मुलगी खेळते आहे. त्या म्हणाल्या, ‘ती आहे हो, पण तुम्ही नाही ना इथले.’

मी हिरवे आणि पांढरे निशाण घेऊन खांबाला टेकून उभा राहिलो. शेवटच्या काही मिनिटांत माझ्याच मुलीने मारलेला चेंडू खांबाच्या माथ्याच्याही वरून गेला, आतून की बाहेरून हे ठरवायला माझ्याकडे दोन डोळ्यांखेरीज काही नव्हते. दोन्ही संघांच्या आया, दोन आज्या आणि एक कुत्रा माझ्याकडे पाहत होते. मी दोन्ही हात पसरून वाइडची खूण केली. गाडीत मुलगी घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. दाराशी उतरताना म्हणाली, ‘बाबा, तो आत होता.’ सोमवारी मी ही हकीकत टेबलावर सांगितली, चेंडू कोठून कसा गेला ते बिस्किटे मांडून दाखवले, आणि त्या मैदानात आयुष्यात कधी पाऊल न टाकलेल्या पाचही जणांनी पहिल्यांदाच, कोणताही मतभेद न होता, निकाल दिला की चेंडू आत होता.