जुन्या ट्रकच्या थरथरीबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि आपल्या गाडीच्या दोन्ही खेपांची जॉबकार्डे समोर ठेवून हे उत्तर लिहीत आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे की, ताशी सत्तर किलोमीटरच्या पुढे होणाऱ्या थरथरीसाठी आपण गाडी आमच्याकडे आणली. पहिल्या खेपेला आम्ही चाकांचे बॅलन्सिंग करून पुढचा डावा टायर बदलायला लावला आणि दुसऱ्या खेपेला शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या धुरीला फिरवणाऱ्या लांब दांड्याचे, दोन्ही क्रॉस (कोनात वळणारे सांधे) बदलले, तरीही सीटखालची थरथर गेली नाही, उलट घुमणारा एक नवा आवाज सुरू झाला. शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रींनी शाफ्टचा सरकता सांधा (लांबी कमीजास्त होऊ देणारा दात्यांचा जोड) सोडवून पुन्हा बसवला, सेंटर बेअरिंग (शाफ्टच्या दोन भागांना मध्ये आधार देणारे, रबरात बसवलेले बेअरिंग) बदलले आणि गाडी शांत झाली. त्यावरून आमच्याकडे सगळे अंदाजपंचे चालते आणि टायरचा खर्च विनाकारण झाला, असे आपण लिहिले आहे. यातील पहिला आरोप मला बऱ्याच अंशी मान्य आहे, दुसरा मान्य नाही.

टायरचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर संपणारा आहे. आपण त्या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या, स्टिअरिंग हातात डोलते आणि सीट थरथरते, आणि आमच्या कार्डावरही त्या दोन वेगळ्या ओळींत लिहिलेल्या आहेत. स्टिअरिंगमध्ये जाणवणारी डोल बहुधा पुढच्या चाकांची असते. आपल्या पुढच्या डाव्या टायरचे बॅलन्सिंग नीट झाल्यावरही तो फिरवताना एका जागी उचलला जात होता, कारण त्याच्या आतला पट्टा सुटून तिथे फुगवटा आला होता. असा टायर वजने लावून समतोल करता येतो, गोल करता येत नाही, त्यामुळे यंत्रावर शून्य दाखवूनही तो रस्त्यावर उड्या मारतोच. त्याच्या कडेवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि त्या हिशेबाने टायर ९ वर्षांचा होता. तो बदलल्यावर स्टिअरिंग शांत झाले, हे आपल्याच अभिप्रायात आहे. भरलेल्या गाडीच्या पुढच्या धुरीवर तसा टायर मी आजही राहू देणार नाही.

आता सीटखालच्या थरथरीकडे येतो, कारण आमचे चुकले ते इथेच. आपल्या गाडीच्या टायरचा घेर सुमारे ३.३ मीटर आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २० मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ६ वेळा फिरते. डिफरन्शियलचे (मागच्या धुरीतल्या गिअरपेटीचे) प्रमाण जवळपास ५ ला १ असल्यामुळे त्याच वेळी शाफ्ट सेकंदाला ३० वेळा फिरतो, आणि क्रॉसच्या कोनामुळे येणारा झटका प्रत्येक फेऱ्यात दोनदा बसत असल्याने तो ६० वेळा येतो. सहाची थरथर म्हणजे डोलणे, ती डोळ्यांना दिसते. तीसची थरथर सीटमधून मुंग्या आल्यासारखी लागते, आणि साठची थरथर जाणवण्याआधी ऐकू येते. आपण पहिल्याच दिवशी ‘सीटला मुंग्या येतात’ असे शब्द वापरले होते आणि ते कार्डावर तसेच लिहिलेले आहेत, म्हणजे उत्तर आमच्या हातात होते आणि ते आम्ही वाचले नाही.

शिवाय आपल्या गाडीत टॉप गिअर थेट आहे, म्हणजे त्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, सेकंदाला ३० म्हणजे मिनिटाला १८०० फेरे. म्हणून नुसत्या वेगावरून दोष इंजिनाचा की शाफ्टचा हे सांगता येत नाही. त्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर त्याच वेगात एकदा खालचा गिअर टाकून पाहावे लागते आणि एकदा क्षणभर क्लच दाबून पाहावे लागते. इंजिनाची गती बदलूनही थरथर तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे असतो. ही चाचणी आमच्या माणसाने घेतली होती, पण गाडी रिकामी असताना. आपण मात्र सांगितले होते की माल भरल्यावर त्रास वाढतो आणि चढावर गाडी उचलताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हादरा बसतो. भार आला की स्प्रिंगचे पाटे दबतात, ओढ लागली की पिनियनचे (डिफरन्शियलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरचे) नाक वर उठते, आणि त्याबरोबर शाफ्टचे सगळे कोन बदलतात. गाडी उचलतानाचा तो हादरा सेंटर बेअरिंगचे रबर फाटल्याचे फार जुने लक्षण आहे. रिकामी गाडी उभी असताना ते रबर वरून धड दिसते, खाली झोपून पट्टीने शाफ्ट वर ढकलल्याशिवाय चीर उघडत नाही. आम्ही ते केले नाही.

दुसऱ्या खेपेबद्दल लिहिणे मला अधिक अवघड जाते. क्रॉस खरोखर झिजलेले होते, ते बदलण्यात चूक नव्हती. पण ते काम करताना शाफ्टचा सरकता सांधा वेगळा झाला, आणि तो सोडण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण केल्याची नोंद कार्डावर नाही. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारी दुबेळकी) एका रेषेत असावे लागतात, कारण एका क्रॉसने शाफ्टच्या गतीत आणलेला चढउतार दुसरा क्रॉस उलट चढउतार करून पुसतो. योक रेषेतून सरकले की तो पुसला जात नाही. ज्या सांध्याला १६ दात असतात तिथे एक दात चुकला तरी २२.५ अंशांचा फरक पडतो, आणि डोळ्याला तो सहज निसटतो, विशेषतः गंज आणि ग्रीसखाली कारखान्याच्या खुणा गेलेल्या असतील तेव्हा. आपल्याला आमच्याकडून गेल्यानंतर घुमणारा आवाज सुरू झाला, तो आधी नव्हता, आणि सांधा पुन्हा बसवल्यावर तो गेला. त्यामुळे ही चूक आमच्याकडेच झाली असे मी धरतो. ज्या मिस्त्रींनी ती शोधली त्यांचे काम बरोबर आहे.

आपण असेही लिहिले आहे की त्यांनी आता पाट्याखाली पाचर घालून पिनियनचा कोन आणखी सुधारण्याचे सुचवले आहे. यावर माझे मत वेगळे आहे. गाडी शांत असताना पाचर घालू नये. क्रॉसच्या कोनामुळे येणारा चढउतार कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे कोन दुप्पट झाला की तो चौपट होतो, आणि चुकीच्या बाजूने घातलेली पाचर नेमके तेच करते. घालायचीच असेल तर गिअरबॉक्स, दोन्ही शाफ्ट आणि पिनियन या चारही जागी कोनमापक लावून, गाडी जमिनीवर आणि नेहमीच्या भारात असताना मोजमाप घ्यावे. जॅकवर मागची धुरी लटकत असताना घेतलेले कोन निरुपयोगी असतात. क्रॉसवर पडणारा कोन साधारण ३ अंशांच्या आत असावा आणि अगदी शून्यही नसावा, कारण मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी घासत राहतात. शाफ्टच्या दोन टोकांच्या कोनांतला फरक १ अंशाच्या आत आला तर पाचरीची गरज नाही.

दुसऱ्या खेपेची पूर्ण मजुरी आम्ही परत करत आहोत, त्यासाठी बिल आणण्याची गरज नाही, कारण आमच्याकडे नोंद आहे. क्रॉसची किंमत परत करणार नाही, ते गाडीत आहेत आणि चांगले आहेत. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटचे बोल्ट नवीन रबर बसल्यावर काही दिवसांनी पुन्हा आवळून घ्यावे लागतात. ते कोणाकडेही करून घ्या, पण विसरू नका. आपली इच्छा असेल तर माल भरलेली गाडी घेऊन या, मी स्वतः शेजारी बसून येईन आणि चारही कोन मोजून लिहून देईन. बदललेला तो डावा टायर आम्ही टाकलेला नाही. फुगवट्याच्या जागी खडूने गोल केलेला आहे, तोही त्या वेळी पाहता येईल.