‘मास्तरांनी यात पडू नये’ म्हणे

आमच्या दांडिया बाजारातल्या ग्रुपवर एक मजकूर आठवडाभरात चारदा येऊन गेला. म्हणणं असं: समलिंगी, ट्रान्सजेंडर हे परदेशी खूळ, हा आजार, शाळेत नाव काढलं की मुलं बिघडतात, मास्तरांनी यात न पडता धडे शिकवावेत. मी बडोद्यात तेवीस वर्षं शिकवतोय, त्यामुळे गप्प बसवेना.

परदेशातून आलं ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७, इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला मोडीत काढलं. आणि आजार? जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. उलट आता ती ‘बरी’ करायला निघालेला डॉक्टरच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी गैरवर्तन करतो.

नाव काढल्यानं मुलं तशी होतात म्हणे. मग जन्मभर नवरा-नवरीच्याच गोष्टी ऐकलेली मुलं समलिंगी निघाली कशी?

राहिला मास्तरांचा मुद्दा. मास्तर यात आधीच पडलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. नववीचा वर्ग होता. एक मुलगा निबंध वाचायला उठला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी गुजरातीत ओरडलं, ‘बायलो!’ वर्ग हसला. मीही हसलो, अगदी ओठातल्या ओठात, आणि म्हणालो, “चला, वाच पुढे.” तो खाली बसला. वर्षभर त्यानं हात वर केला नाही. मधल्या सुट्टीत तो मुतारीत जात नसे, घंटा होऊन ती रिकामी झाली की जायचा. त्याला रोज उशीर का होतो म्हणून मीच त्याला दोनदा उभं केलं होतं.

आता तसा शब्द आला की मी तिथेच थांबतो. जातीवरून शिवी आली तर थांबू तसाच, भाषण न ठोकता. गट मुलं-मुली असे न पाडता हजेरीच्या क्रमांकानं पाडतो. ‘जा, मुलींत बस’ ही शिक्षा बंद केली (ती आम्हा सगळ्यांनाच फार आवडायची). ट्रान्सजेंडर मुलांना भेदभाव न करता शिकवणं तर २०१९ च्या कायद्यानं सरकारमान्य शाळांना बंधनकारकच आहे. सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते १९०६ साली. कुठलं मूल वर्गात शोभतं हे ठरवायची मुभा मास्तराला तेव्हाही नव्हती.

‘हे आईबाप बघतील’ असंही त्या ग्रुपवरच्या मजकुरात आहे. बघोत की. पण मुलानं विश्वासानं मला सांगितलेलं त्याला न विचारता बापाच्या कानावर घालणं मला जमणार नाही. त्या बापाचा हात किती सैल आहे हे त्या मुलालाच ठाऊक.

स्टाफरूमशेजारच्या संडासाला पूर्वी कुलूप असायचं. आता किल्ली बाहेर खिळ्याला असते. ती कुणी का घेतली, हे विचारायचं नाही असं आमचं ठरलंय.